टाळी वाजवली, मान वळली

माझा आवाज मोठा आहे. जन्म मंगळवेढ्याचा. ज्वारीच्या रानात या बांधावरून त्या बांधावर हाका मारत वाढले, त्यामुळे हळू बोलायची सवय लागलीच नाही. सोलापुरात यंत्रमागांच्या गल्लीत दवाखाना टाकला तेव्हा ओळखीचे म्हणाले, "इथं दिवसभर खटखटाट असतो, पेशंटचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही." मी म्हटलं, माझं त्यांना येईल ना, मग झालं तर. दवाखान्यात घंटा नाही, नंबरची चिठ्ठी नाही. एक पेशंट उठला की मी आतून ओरडते, "पुढचं कोण?" एकदा समोरच्या पानपट्टीवर उभा असलेला माणूस "मी, मी" म्हणत रस्ता ओलांडून आला होता. त्याला काही झालेलं नव्हतं. तरी त्याचं बीपी तपासून परत पाठवलं.

हे आधी सांगितलं, कारण जिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो अशा या बाईसमोर एक मूल वर्षभर येत-जात होतं, त्याला ऐकू येत नव्हतं, आणि बाईंना पत्ता नव्हता. बाई म्हणजे मीच.

ती पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा सव्वा वर्षाची होती. दोन शेंड्या, कपाळाला तीट, आणि डोळे असे की माझ्या टेबलावरची एकही वस्तू त्यातून सुटली नाही. तिची आई मागवाल्यांच्या घरातली सून. हिचा बाप होटगीला रेल्वेत असल्यामुळे हिचं मराठी चांगलं गावाकडचं. सासरी सगळे तेलुगू बोलणारे, मागच्या शेडमध्ये चार माग, टॉवेल काढायचे.

"बाई, पोरगी बोलत न्हाय ओ," आई म्हणाली. "हाक मारली तर कधी बघती, कधी न्हाय."

मी लगेच उठले. मला यातलं सगळं येत होतं ना! खरं सांगायचं तर आमच्या वेळी कान हा परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा विषय होता. कान फुटला तर थेंब कुठले, मळ कसा काढायचा, एवढं पाठ. मूल ऐकतंय की नाही हे कसं ओळखायचं, याचं उत्तर आमच्या सरांनी एका वाक्यात दिलं होतं: मागे उभं राहा आणि टाळी वाजवा. त्या एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं दवाखाना चालवला. पोरगी आईच्या मांडीवर, आईकडे तोंड करून बसलेली. मी मागे गेले आणि सणसणीत टाळी वाजवली.

पोरीनं गर्रकन मान वळवली आणि माझ्याकडे बघून हसली.

"बघ! मला मेलीला घाबरवतेस काय?" मी आईला म्हटलं. "कान ठणठणीत आहेत. मोबाइल कमी दाखव आणि तिच्याशी बोल. बोलेल." कार्डावर लिहिलंसुद्धा: ऐकू येतं. खाली सही.

पाच महिन्यांनी ती परत आली. सर्दीचं निमित्त होतं, पण खरं कारण तेच. "बाई, अजून बोलत न्हाय." मी परत टाळी वाजवली, परत मान वळली. मग मी दुसरं शहाणपण काढलं. "तुमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, समोरचे शेजारी दखनी बोलणार. एवढ्याशा जिवाच्या डोक्यात तीन भाषा! गोंधळलीय ती. एकच काहीतरी बोला." आईला पटलेलं नव्हतं हे दिसत होतं, पण मी "पुढचं कोण?" ओरडून मोकळी झाले.

त्यानंतर तिनं तो विषय माझ्याकडे काढला नाही. पोरगी सव्वादोन वर्षांची झाली.

एके दिवशी दुपारी तिच्याच घरून बोलावणं आलं. तिची आजी तापानं पडली होती, सांधे धरले होते, चालवत नव्हतं. त्या घरात आजीला सगळे अव्वा म्हणतात, मीही म्हणते. बॅग घेऊन गेले. पुढची खोली, मागे मागांची शेड, मध्ये दार, ते सताड उघडं. चार माग चालू म्हणजे काय असतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझा हा असला आवाज, पण मी अव्वांच्या कानाशी वाकून "जेवलात का" विचारलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

पण त्या घराचं कुठंच अडत नव्हतं. शेडमधून अव्वांच्या मुलानं दोन बोटं हवेत फिरवली, सुनेनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. तिनं भुवया उडवल्या, तो मान हलवून हसला. कुणी छातीवर हात ठेवी, कुणी ओठ नुसते हलवी, आणि समोरच्याला सगळं समजे. मागवाल्यांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मागावर धोटा धावत असताना तोंड वाजवून घसा कशाला फोडायचा? आणि कुणाची पाठ आपल्याकडे असेल तर जमिनीवरून एक रिकामी कांडी त्याच्या पायाकडे सोडायची. कांडी म्हणजे बाण्याचं, आडवं विणायचं सूत गुंडाळतात ती लाकडी नळी. ती पायाला लागली की माणूस वळून बघतो. त्यांच्यात हाक मारायची ती अशी.

आणि या सगळ्यांत आमची बया पटाईत! तीच पोरगी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, बशी तोंडाला लावल्यासारखं केलं, मग जिभेला बोट लावून भुवया वर केल्या. चहा घेणार का, आणि साखर किती? मी हसून हसून बेजार. डायबेटिसच्या पेशंटला मी साखर विचारते, आणि ही टिकली मला विचारतेय! मी हातानंच "नको" केलं. ती पाठ करून चुलीजवळच्या डब्याकडे गेली आणि तिथल्या कपात एक चमचा साखर घातली. तिला साखर आवडत होती, पाहुण्यांची आवड कोण विचारतो?

तेवढ्यात लाइट गेली.

चारही माग एका क्षणात थांबले. शेडमधले सगळे एकदम तोंडानं बोलायला लागले, कुणी वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडली. मी मात्र अजून खटखटाटातच होते. तशीच, होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले, "ए चिमणे! साखर नको गं!"

अव्वा अंथरुणात दचकल्या. शेजारची बाई "काय झालं हो?" म्हणत दारात आली. पोरगी माझ्यापासून दोन हातांवर होती. तिनं दुसरा चमचा साखर घातली.

मी परत ओरडले. तिसरा चमचा.

अव्वांनी पडल्या पडल्या उशाजवळची कांडी जमिनीवरून सोडली. ती गडगडत पोरीच्या टाचेला लागली आणि पोरगी झटकन वळली, गोड हसली, चमचा हातात.

"अव्वा," मी विचारलं, "हिला तोंडानं हाक मारता का हो तुम्ही कधी?"

"आमच्यात कोण कुणाला तोंडानं हाक मारतंय?" त्या म्हणाल्या. "बोलत न्हाय एवढंच हाय की. बाकी समदं समजतंय तिला."

आई दारात चहाचं आधण घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. "मी सांगितलं होतं की ओ तुमाला," ती म्हणाली. ओरडून नाही, साध्या आवाजात. मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी चांगली भांडखोर बाई आहे, कुणाचं एक ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी ऐकून घेतलं. चहा प्यायले. तीन चमचे साखर होती, तो एका दमात प्यायले.

दुसऱ्याच दिवशी त्या दोघींना घेऊन मी ऑडिओलॉजिस्टकडे गेले, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे. माझ्या मुलीच्या वयाची पोर, नुकताच दवाखाना थाटलेला, भिंतीवर हत्ती-ससे. मी तिला सगळा कबुलीजबाब दिला. पण शेवटी राहवेना, म्हणाले, "अहो, पण टाळीला ती वळायची हो! दोनदा वळली."

"करून दाखवता?" ती म्हणाली.

आई समोर, पोरगी मांडीवर, मी मागे. टाळी. मान वळली. मी म्हटलं, "बघा!"

ऑडिओलॉजिस्टनं आईला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या चेहऱ्यासमोर एक वही धरली. पोरीच्या हातात रंगीत कड्या दिल्या. "आता वाजवा."

मी वाजवली. पोरगी कड्या ओवत होती. परत वाजवली. पिवळी कडी झाली, हिरवी घेतली. तळवे लाल होईपर्यंत मी वाजवत राहिले. कीर्तनातसुद्धा एवढ्या टाळ्या वाजवल्या नसतील मी. तिनं सगळ्या कड्या ओवून संपवल्या.

"तुम्ही हात उचलले की आईचे डोळे तुमच्याकडे जातात," ती पोर म्हणाली. "ही आईच्या डोळ्यांकडे बघून वळते. या घरातलं मूल डोळ्यांचं फार तयार असणार, बाई. त्यात तिचा काय दोष?"

माझा होता की. पण ती तसं म्हणाली नाही. शिकलेली आणि वर चांगल्या वळणाची.

मग मोठी तपासणी झाली. पोरीला झोपवून डोक्याला बारीक वायरी लावायच्या, कानात आवाज सोडायचा, आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीन सांगतं. झोपलेलं मूल ना टाळीला वळतं, ना आपल्याला फसवतं. दोन्ही कानांत जन्मापासूनच दोष होता. अगदी कानाशी ढोल वाजला तर काही तरी कळेल, बोलणं नाही.

"कानाला मशीन लावल्यावर ऐकेल," ती म्हणाली. "शिल्लक आहे थोडं. पण बोलणं शिकायचं ते पहिल्या दोन-तीन वर्षांत. आता एकही महिना घालवायचा नाही. जन्मल्यावर लगेच तपासलं असतं, तर सहाव्या महिन्यात मशीन कानात असतं."

मी मनातल्या मनात हिशोब केला. सव्वा वर्षाची असताना ती माझ्याकडे आली होती. बरोबर एक वर्ष माझ्या सहीखाली गेलं होतं. आता ती बोलेल की फक्त हातवारेच करत राहील, शाळेत तिला घेतील की नाही, हे त्या एका वर्षावर अडलेलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. आई बाहेर रस्त्याकडे बघत होती. पोरगी माझ्या मांडीवर चढली, माझ्या गालावरचं पाणी बोटावर घेतलं आणि चाखून बघितलं. साखर किती ते बघत असेल.

अव्वांना मी स्वतः जाऊन सांगितलं, माझी चूक झाली म्हणून. अव्वा ताप उतरून बसत्या झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, घरात आमी आठ माणसं. आठ जणांना दोन वर्षांत कळलं न्हाय. तुमी पाच मिनिटं बघितलं. आता रडू नका, पोरगी बघतीय. ती समदं बघतीया." मग सुनेकडे वळून, मला ऐकू जाईल असं, "हिला एकटीला कळलं हुतं. हिचं कुणी ऐकलं न्हाय," म्हणाल्या. सुनेनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

मशीन बसवायच्या दिवशी मीही हजर. कानाचा साचा घेऊन केलेले दोन गुलाबी तुकडे, मागे इवलंसं यंत्र. ऑडिओलॉजिस्ट पोर मला आधीच म्हणाली, "बाई, रागावू नका, पण आज तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. तिनं ऐकलेला पहिला आवाज तुमचा असला तर ती मशीन काढून फेकून देईल." मी तोंडावर हात ठेवून कोपऱ्यात बसले. आईनं हळूच, वही आड धरून, तिचं नाव घेतलं.

पोरीचा कडी धरलेला हात हवेत थांबला.

तिनं आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही, छताकडे बघितलं. मग भिंतीवरच्या हत्तीकडे. आईनं परत नाव घेतलं. या वेळी ती वळली, वही खाली ओढली आणि मागे आई सापडल्यावर खदखदून हसली. मी हात तोंडावर तसाच दाबून ठेवला होता, नाहीतर हुंदका त्या मशीननं मोठा करून ऐकवला असता.

घरी मात्र पहिल्याच दिवशी तिनं मशीन लावून शेडमध्ये पाय टाकला आणि भोकाड पसरलं. दोन्ही यंत्रं उपटून परातीत टाकली. आठ माणसं ज्या आवाजात जन्मभर राहिली तो तिनं पहिल्यांदा ऐकला होता. अव्वांनी हुकूम काढला: पोरगी शेडमध्ये जाणार नाही, मधलं दार बंद, आणि रोज संध्याकाळी तासभर माग बंद ठेवून सगळ्यांनी पुढच्या खोलीत बसून तोंडानं बोलायचं. काय बोलायचं ते कुणाला सुचेना. पहिल्या दिवशी म्हणे मुलगा टॉवेलच्या किनारीवरच बोलला. आणि माझ्या त्या तीन भाषांचं काय, हे मी ऑडिओलॉजिस्टला विचारलं, तर ती हसली. "खुशाल तिन्ही बोला. भाषांनी मूल मुकं होत नाही. आणि हातवारेही बंद करू नका, तीही तिची भाषाच आहे. फक्त बोलणं तिच्यापर्यंत पोचू द्या." म्हणजे तेही माझं चुकलेलं. घ्या!

आम्ही भागातले डॉक्टर महिन्यातून एकदा चहा-भज्यांना जमतो. त्या महिन्यात मी उभी राहून ही गोष्ट सांगितली. मग एक वयस्कर डॉक्टर भजं खाली ठेवून म्हणाले, "मी किल्ल्यांचा जुडगा वाजवतो." दुसरे म्हणाले, "मी विचारतो, वडील उशिरा बोलले होते का? हो म्हणाले की घरी पाठवतो." तिसऱ्या बाई स्टीलची वाटी टाकायच्या. एकाच्याही दवाखान्यात दुसरं काही साधन नव्हतं. त्या दिवशी आम्ही ठरवलं: मूल बोलत नाही असं आई म्हणाली की आधी कानाची पक्की तपासणी, बाकीचं शहाणपण मागाहून. आणि बाळंतीण दिसली की पहिला प्रश्न, बाळाचे कान तपासले का? मोहोळकडच्या एका डॉक्टरांनी तर दुसऱ्या आठवड्यातच दोन मुलं तपासणीला पाठवली. एकाचा नुसता मळ निघाला. असू दे, मळ निघाला तर बरंच की.

मशीन लागून आठ-नऊ महिने झाले. पोरगी आता तीन वर्षांची, आठवड्यातून दोनदा बोलण्याचा क्लास. तोंडातून "अव्", "म्मा", "बा" असे तुकडे यायचे. अव्वांचं म्हणणं ती अव्वा म्हणते, सुनेचं म्हणणं अम्मा म्हणते, आणि दोघींची यावरून रोज जुंपायची. पण स्पष्ट शब्द अजून नव्हता. मी वरवर त्या भांडणाला हसायचे. आत मात्र ते वर्ष टोचायचं.

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. बाहेरच्या बाकावर दोघी मायलेकी सर्दीच्या औषधासाठी बसल्या होत्या. पोरीच्या हातात अव्वांची एक रिकामी कांडी, खेळणं म्हणून. माझा घसा त्या दिवशी बसला होता. हो, माझाही बसतो. एक पेशंट उठून गेला आणि मी हाक द्यायच्या आधी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

बाहेरून, पडद्याआडून, बारीक पण ठणठणीत आवाज आला.

"पुच्चं कोऽन?"

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि खोकल्याचे एक म्हातारे बाबा काठी टेकत उठले आणि सरळ आत येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले. त्यांचा नंबर होता. त्यांना बोलावलं गेलं, ते आले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

ग्लास माझ्या हातात तसाच. बाबा म्हणाले, "बाई, खोकला." मी नुसती मान हलवली. बाहेर आईचा रडण्याचा की हसण्याचा आवाज येत होता, मला तेही नीट कळेना.

पडदा हलला. पोरीनं आत डोकावून बघितलं. बाबा बसलेत, बाई गप्प, काहीच होत नाही. तिनं परत एकदा, जरा जोरात, "पुच्चं कोऽन?" म्हणून बघितलं. मी तशीच बसलेली. तेव्हा तिनं थोडा विचार केला, खाली वाकली आणि हातातली कांडी जमिनीवरून माझ्याकडे सोडली.

ती गडगडत आली आणि माझ्या चपलेला लागली.

"ऐकलं गं बाई," मी म्हटलं. "ऐकलं."